कार्यालयीन आयपी दूरध्वनी : ओळख, अधिकार आणि सुरक्षितता

बंगळुरू शहराच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर हे पूर्वी तेथील विस्तीर्ण तलावासाठी ओळखले जाई. गेल्या काही दशकांत बाह्य वर्तुळाकार मार्गालगतच्या या भागाचे रूप पालटले आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कार्यालयांची जणू सलग रांगच येथे उभी राहिली. आयपी दूरध्वनी आणि त्यांचे नियंत्रण करणारी प्रणाली बनविणाऱ्या सिस्को या अमेरिकी कंपनीनेही ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्या पूर्वेकडील जागतिक केंद्राचे उद्घाटन बेळ्ळंदूरच्या शेजारच्या काडुबीसनहळ्ळी येथील संकुलात केले. अशा कार्यालयांतील मेजावरचा दूरध्वनी दिसायला पूर्वीसारखाच असला, तरी तो आता एक लहानसा संगणक झाला आहे. त्याला स्वतःचा पत्ता असतो, स्वतःची कार्यप्रणाली असते आणि संगणकावर होऊ शकणारे बहुतेक हल्ले त्याच्यावरही होऊ शकतात.

बँका, रुग्णालये, शासकीय कार्यालये आणि ग्राहकसेवा केंद्रे यांचा दैनंदिन कारभार आज अशा संचांवर अवलंबून आहे. म्हणूनच त्यांची जोडणी हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही. सायबर सुरक्षा, दूरसंचार कायदा आणि आपत्कालीन सेवा या तिन्ही विषयांचा येथे संगम होतो. कार्यालयातील दूरध्वनी कसा जोडला जातो आणि तो सुरक्षित आहे असे म्हणण्यासाठी कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तांब्याच्या तारेपासून संगणकीय जाळ्यापर्यंत

जुन्या ईपीएबीएक्स व्यवस्थेत प्रत्येक संचासाठी तारांची स्वतंत्र जोडी असे. ती जोडी केंद्रातील ज्या खुंटीला जोडलेली असेल, तोच त्या संचाचा क्रमांक. म्हणजे संचाची ओळख तारेत होती. लेखाधिकाऱ्याच्या मेजावरील संच उचलून दुसऱ्या मजल्यावर नेला, तर त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जात नसे. कोणाला संभाषण चोरून ऐकावयाचे असल्यास त्या विशिष्ट तारेपर्यंत प्रत्यक्ष पोहोचावे लागे.

आयपी दूरध्वनीत आवाजाचे अंकीय रूपांतर होते आणि त्याचे छोटे तुकडे करून ते संगणकीय जाळ्यावरून पाठविले जातात. जी.७११ या प्रचलित पद्धतीत साधारणतः दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचा एक तुकडा होतो. म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. प्रत्येक तुकड्यात आवाजाचे १६० बाइट आणि पत्त्यांचे ४० बाइट असतात. यावरून एका दिशेच्या आवाजाला सेकंदाला ८० किलोबिट क्षमता लागते, असा हिशेब निघतो. हे तुकडे वेळेवर पोहोचणे मात्र आवश्यक असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापेक्षा तो बराच वाढला की दोन्हीकडची माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

या व्यवस्थेत संचाची ओळख तारेत नसते. ती संचात आणि प्रणालीच्या नोंदवहीत असते. संच कोणत्याही मजल्यावर जोडा, त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर येतो. सोय आणि धोका या दोहोंचे मूळ याच एका गोष्टीत आहे. ओळख तारेत नसेल, तर ती अन्य मार्गाने सिद्ध करावी लागते. ती कशी सिद्ध करावयाची, हा आयपी दूरध्वनीच्या सुरक्षिततेतील पहिला प्रश्न होय.

टेक्सासमधील सेल्सियस सिस्टिम्स ही कंपनी सिस्कोने १९९८ मध्ये विकत घेतली. तिची ‘कॉलमॅनेजर’ ही प्रणालीच पुढे ‘युनिफाइड कम्युनिकेशन्स मॅनेजर’ या नावाने जगभर पोहोचली. याच सुमारास भारतात नवे दूरसंचार धोरण १९९९ मध्ये आले आणि १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात इंटरनेट दूरध्वनीला परवानगी मिळाली. पुढील विवेचनात उदाहरण म्हणून याच प्रणालीचा आधार घेतला असला, तरी त्यातील तत्त्वे अशा बहुतेक प्रणालींना लागू पडतात.

संचाची नोंदणी कशी होते?

नवा संच भिंतीतील जोडणीला लावल्यापासून त्यावर क्रमांक दिसेपर्यंत एक ठरावीक क्रम घडतो. प्रथम संचाला वीज मिळते. २००३ मध्ये निश्चित झालेल्या मानकानुसार नेटवर्क स्विच त्याच तारेतून १५.४ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. त्यामुळे वेगळ्या प्लगची गरज राहत नाही. त्यानंतर स्विच संचाला आवाजासाठी राखून ठेवलेल्या विभागाची, म्हणजे व्हॉइस व्हीलॅनची माहिती देतो. एकाच तारेवर संगणकाची माहिती व आवाज हे दोन वेगळे प्रवाह म्हणून वाहू लागतात आणि आवाजाच्या तुकड्यांना अग्रक्रम देता येतो.

तिसऱ्या टप्प्यात संच डीएचसीपी सर्व्हरकडे स्वतःसाठी आयपी पत्ता मागतो. त्याच उत्तरात ‘पर्याय १५०’ या रकान्यातून त्याला टीएफटीपी सर्व्हरचा पत्ता मिळतो. चौथ्या टप्प्यात तो या सर्व्हरकडून प्रथम विश्वाससूची आणि नंतर स्वतःच्या नावाची मांडणी-फाइल घेतो. संचाचे नाव म्हणजे ‘एसईपी’ ही अक्षरे व त्यापुढे त्याचा बारा अंकाक्षरी मॅक पत्ता. आपण कोणत्या कॉल व्यवस्थापकाकडे जावयाचे, तो न मिळाल्यास दुसरा कोणता, आपली भाषा व वेळ कोणती, हे सारे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. शेवटच्या टप्प्यात संच एसआयपी किंवा एससीसीपी या संकेतपद्धतीने कॉल व्यवस्थापकाकडे नोंदणी करतो आणि पडद्यावर क्रमांक उमटतो.

ही साखळी सुटसुटीत आहे. मात्र तिच्या प्रत्येक दुव्यावर संच कोणावर तरी विश्वास ठेवत असतो. खोट्या डीएचसीपी सर्व्हरने खोटा पत्ता दिला, तर संच भलत्याच ठिकाणी जाऊ शकतो. टीएफटीपी पद्धतीत पासवर्डची सोय नसल्याने फाइलचे नाव ठाऊक असणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. म्हणून केवळ ‘संच चालू झाला’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही.

पहिला प्रश्न : हा संच कोणाचा?

प्रणालीत ‘स्वयंनोंदणी’ नावाची एक सोय असते. ती चालू असेल, तर जाळ्याला जोडलेल्या कोणत्याही अनोळखी संचाला आपोआप क्रमांक मिळतो. शेकडो संच एकाच वेळी बसवावयाचे असतात तेव्हा ती उपयोगी पडते. परंतु काम संपल्यावर ती बंद न केल्यास कार्यालयाचे दार उघडे राहिल्यासारखे होते. केवळ मॅक पत्त्यावर विसंबणेही पुरेसे नाही. तो संचाच्या पाठीवर छापलेला असतो आणि संगणकाला त्याची नक्कल करता येते. आवाजाचा वेगळा विभाग ही देखील वाहतुकीची व्यवस्था आहे, ती ओळखीची खातरी देत नाही. स्वतःला दूरध्वनी म्हणविणारा संगणक त्या विभागात शिरू शकतो.

म्हणून ओळखीसाठी अंकीय प्रमाणपत्रे वापरली जातात. संचात कारखान्यातच एक प्रमाणपत्र बसविलेले असते. त्यावरून तो अमुक कंपनीचा संच आहे एवढे कळते, पण तो आपल्या कार्यालयाचा आहे हे कळत नाही. त्यासाठी कॉल व्यवस्थापक आपल्या वतीने संचाला दुसरे, स्थानिक प्रमाणपत्र देतो. कारखान्याचे प्रमाणपत्र हा जन्मदाखला मानला, तर स्थानिक प्रमाणपत्र हे कार्यालयाचे ओळखपत्र म्हणता येईल. स्विचवर ८०२.१एक्स ही तपासणी लागू केली, तर हे ओळखपत्र दाखविल्याखेरीज संचाला जाळ्यात प्रवेशच मिळत नाही.

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. संचानेही सर्व्हर खरा आहे की नाही हे पाहिले पाहिजे. वर उल्लेखिलेली विश्वाससूची याचसाठी असते. युनिफाइड कम्युनिकेशन्स मॅनेजरच्या ८.० आवृत्तीपासून अशी सूची मूलतःच दिली जाते. मांडणी-फाइलवर सर्व्हरची अंकीय स्वाक्षरी असते आणि ती जुळली नाही, तर संच ती फाइल स्वीकारत नाही. फाइल कूटबद्ध करण्याचा पर्याय मात्र प्रशासकाने स्वतः निवडावा लागतो.

दुसरा प्रश्न : या संचाला कोठे बोलता येते?

स्वागतकक्षातील संचावरून परदेशी दूरध्वनी लागण्याची गरज नसते. संचालकांच्या संचाला ती असू शकते. हा भेद करण्यासाठी दोन संकल्पना वापरल्या जातात. सर्व क्रमांकांची विभागणी ‘पार्टिशन’ या गटांत केली जाते. कोणत्या संचाला कोणते गट दिसावेत याची यादी म्हणजे ‘कॉलिंग सर्च स्पेस’. गट कुलपाप्रमाणे, तर यादी किल्ल्यांच्या जुडग्याप्रमाणे काम करते. ज्याच्या जुडग्यात आंतरराष्ट्रीय क्रमांकांची किल्ली नाही, त्याच्यासाठी ते क्रमांक अस्तित्वातच नसतात.

या मांडणीतील ढिलाईचा फटका थेट दूरध्वनीच्या देयकातून बसतो. जगभर आढळणारा एक प्रकार असा : हल्लेखोर एखाद्या संचाचा किंवा व्हॉइसमेल पेटीचा सोपा सांकेतिक क्रमांक शोधून काढतो, येणारे कॉल महागड्या परदेशी क्रमांकाकडे वळवितो आणि शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत तेथे कॉल करीत राहतो. कॉल कार्यालयाच्या अधिकृत वाहिनीवरून गेलेले असल्याने देयकही कार्यालयाच्याच नावाने येते. त्यामुळे कॉल वळविण्यासाठी वेगळी व मर्यादित यादी ठेवणे, बाहेरून आलेला कॉल पुन्हा बाहेर हस्तांतरित होऊ न देणे, कार्यालयीन वेळेनंतर आंतरराष्ट्रीय सेवा बंद ठेवणे आणि आवश्यक तेथे अधिकृत संकेतांक मागणे, असे उपाय योजले जातात.

याबरोबरच प्रत्येक कॉलचा तपशील नोंदविला गेला पाहिजे. या प्रणालीत कॉल-तपशिलाची नोंद मूलतः बंद असते आणि ती मुद्दाम चालू करावी लागते. अनेक ठिकाणी हे घटना घडून गेल्यावरच लक्षात येते.

तिसरा प्रश्न : संभाषण कोणाला ऐकू येते?

साध्या मांडणीत आवाजाचे तुकडे उघडे प्रवास करतात. त्याच जाळ्यातील एखाद्याने दोन संचांच्या मध्ये आपला संगणक घुसवला, तर ते तुकडे जुळवून संपूर्ण संभाषण ऐकता येते. यावरील उपाय म्हणजे २००४ मध्ये प्रमाणित झालेली एसआरटीपी ही कूटबद्ध पद्धत. तीत आवाजाचा आकार वाढत नाही. फक्त प्रत्येक तुकड्यामागे ४ ते १० बाइटांची पडताळणीची खूण जोडली जाते. वर काढलेल्या हिशेबात ८० किलोबिटांऐवजी ८१.६ ते ८४ किलोबिट लागतील, एवढाच फरक. गुप्ततेची किंमत वाहिनीच्या क्षमतेत फारशी नाही. ती प्रमाणपत्रे वेळेवर नवी करण्यात आणि सातत्याने लक्ष ठेवण्यात मोजावी लागते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. आवाज ज्या किल्लीने कूटबद्ध होतो, ती किल्ली संचांना कॉल जोडणाऱ्या संकेतांमधूनच मिळते. संकेत टीएलएसच्या संरक्षणाविना उघडे गेले, तर किल्लीही उघडी जाते आणि आवाज कूटबद्ध असून नसल्यासारखा होतो. दोन्ही संच सुरक्षित पद्धतीत असतील तरच संभाषण सुरक्षित असते. पडद्यावर उमटणारे कुलपाचे चिन्ह हेच सांगते.

संच हाच मुळात संगणक असल्याने त्याच्या आज्ञावलीत दोष राहू शकतात. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सिस्कोच्या एका दूरध्वनी मालिकेतील दोषाचा उपयोग करून, रिसीव्हर खाली ठेवलेला असतानाही संच खोलीतील बोलणे टिपू शकतो, हे दाखवून दिले. फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारील उपकरणे ओळखण्याच्या पद्धतीतील पाच दोष उघड झाले आणि त्यांत आयपी दूरध्वनींचाही समावेश होता. जुलै २०२५ मध्ये तर खुद्द कॉल व्यवस्थापकाच्या १५.०.१ मालिकेतील काही मोजक्या आवृत्त्यांत विकासकाळातील सर्वाधिकारी खात्याचा न बदलता येणारा पासवर्ड राहून गेल्याचे कंपनीने जाहीर केले. त्या दोषाची तीव्रता १० पैकी १० होती आणि सुधारित आज्ञावली बसविणे हाच त्यावरील उपाय होता. संचाचे वेबपृष्ठ बंद ठेवणे, सार्वजनिक जागेतील संचामागील संगणकाची जोडणी बंद करणे आणि आज्ञावली अद्ययावत ठेवणे ही खबरदारी म्हणूनच आवश्यक ठरते.

कायद्याची चौकट

भारतात कॉल व्यवस्थापकाची मांडणी कायद्यानेही ठरते. समजा, एका संस्थेचे एक कार्यालय बेळ्ळंदूरला व दुसरे पुण्यात हिंजवडीला आहे. दोन्ही कार्यालयांतील संच एकमेकांशी खाजगी जाळ्यावरून बोलू शकतात. परंतु बंगळुरूच्या सार्वजनिक जाळ्यातून आलेला कॉल खाजगी जाळ्यावरून पुण्याला नेऊन तेथील सार्वजनिक जाळ्यात सोडला, तर परवानाधारक दूरसंचार कंपनीला वगळल्यासारखे होते. यालाच ‘टोल बायपास’ म्हणतात आणि तो निषिद्ध आहे. या निर्बंधांमुळे पूर्वी अनेक भारतीय कार्यालयांत अंतर्गत आयपी कॉलसाठी एक आणि बाहेरच्या कॉलसाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र यंत्रणा ठेवाव्या लागत.

युनिफाइड कम्युनिकेशन्स मॅनेजरच्या ७.१ आवृत्तीत आलेली ‘तार्किक विभाजन’ ही सोय भारतासारख्या देशांतील या नियमांसाठीच होती. तीत प्रत्येक संचाला व गेटवेला भौगोलिक स्थान दिले जाते. कॉल जोडताना, हस्तांतरित करताना किंवा त्यात तिसरी व्यक्ती घेताना प्रणाली दोन्ही टोकांची स्थाने तपासते आणि नियमात न बसणारी जोडणी नाकारते. देशाचा कायदा आज्ञावलीत कसा उतरतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ग्राहकसेवा केंद्रांसाठी असलेले ‘अन्य सेवा पुरवठादार’ नियम नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मध्ये बरेच शिथिल झाले. नोंदणीची अट गेली, देशी व आंतरराष्ट्रीय केंद्रांतील भेद संपला आणि ईपीएबीएक्स देशाबाहेरही ठेवण्यास मुभा मिळाली. तथापि परवानाधारक कंपन्यांना वगळून कॉल नेण्यास मनाई कायम राहिली. या मनाईमागे महसुलाबरोबर राष्ट्रीय सुरक्षेचाही विचार आहे. जून २०२१ मध्ये बंगळुरू पोलिसांनी लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या साहाय्याने सिमबॉक्सवर चालणारी अनधिकृत दूरध्वनी केंद्रे उघडकीस आणली. तेथे इंटरनेटवरून आलेले आंतरराष्ट्रीय कॉल स्थानिक कॉल म्हणून पुढे पाठविले जात होते. त्यामुळे कॉल करणाऱ्याचा मूळ ठावठिकाणा दडून राहत असे.

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७०-ब खाली कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळविणे, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आणि त्यांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. दूरसंचार उपकरणांच्या सुरक्षाविषयक आवश्यकता ठरविणारे राष्ट्रीय दळणवळण सुरक्षा केंद्रही बंगळुरूमध्येच आहे.

सेवेचे सातत्य आणि ११२

सुरक्षिततेचा अर्थ केवळ परक्याला रोखणे एवढाच नाही. गरजेच्या वेळी दूरध्वनी लागलाही पाहिजे. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बेळ्ळंदूर व बाह्य वर्तुळाकार मार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगितले. त्याआधी मार्च २०२० मध्ये महामारीच्या काळात दूरसंचार विभागाने घरून काम करण्यासाठी सेवा केंद्रांच्या अटी सैल केल्या होत्या. अशा वेळी संच किंवा संगणकावरील दूरध्वनी घरूनच कार्यालयाच्या प्रणालीशी जोडला जातो. त्यासाठी कॉल व्यवस्थापक थेट इंटरनेटवर उघडा न ठेवता कार्यालयाच्या सीमेवर एक मध्यस्थ सर्व्हर ठेवतात, जो प्रत्येक वापरकर्त्याची ओळख तपासून कूटबद्ध मार्गानेच आत प्रवेश देतो. शाखेचा मुख्यालयाशी संपर्क तुटल्यास शाखेतील राउटरने तात्पुरता ताबा घ्यावा, अशीही योजना करता येते.

आपत्कालीन क्रमांकाचा प्रश्न याहून नाजूक आहे. बेळ्ळंदूरमधील संच पुण्यातील कॉल व्यवस्थापकाशी जोडलेला असेल आणि ११२ हा क्रमांक पुण्याच्या गेटवेतून बाहेर पडला, तर आग बंगळुरूत लागलेली असताना दूरध्वनी महाराष्ट्रातील नियंत्रण कक्षात वाजेल. ते टाळण्यासाठी ११२ चा मार्ग नेहमी संच जेथे आहे त्याच शहरातील गेटवेतून ठेवावा लागतो. हा क्रमांक प्रत्येक संचाच्या यादीत असला पाहिजे, मग त्या संचाचे अन्य अधिकार कितीही मर्यादित असोत. घरी नेलेल्या संचाचे स्थान बदलत असल्याने तेथे ११२ साठी मोबाइलच वापरावा, अशी स्पष्ट सूचना कर्मचाऱ्यांना देणे श्रेयस्कर ठरते.

समारोप

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. आयपी दूरध्वनीची सुरक्षा म्हणजे शेवटी विकत घेऊन बसविण्याचे एखादे उपकरण नव्हे. स्वयंनोंदणी बंद केली का, प्रमाणपत्रांची मुदत कोण पाहतो, कॉल वळविण्याची यादी कोणती, नोंदी चालू आहेत का, ११२ कोणत्या गेटवेतून जातो, अशा मांडणीतील लहान लहान निर्णयांतून ती साकारते. यांपैकी बहुतेक निर्णयांना फारसा खर्च येत नाही. मात्र ते कोणी घ्यावयाचे हे ठरलेले नसेल, तर ते घेतलेच जात नाहीत.

शासकीय सेवा दिवसेंदिवस दूरध्वनी व संगणक यांच्या संयुक्त जाळ्यावर येत आहेत. उद्याच्या प्रशासकाला राउटर जोडता आला नाही तरी चालेल. परंतु आपल्या कार्यालयातील संच कोणाचा आहे, तो कोठवर बोलू शकतो, त्याचे बोलणे कोणाला ऐकू येते आणि संकटात तो कोठे वाजेल, हे चार प्रश्न त्याला विचारता आले पाहिजेत आणि मिळालेली उत्तरे तपासताही आली पाहिजेत.